राणीसाहेबांच्या डाव्या गालातलं हसू

चौकातल्या राणीसाहेबांच्या पुतळ्याची मी पेपरात टिंगल केली. घोड्यावर बसून, तलवार उपसून बाई डाव्या गालात हसतायत. लढाईला निघाल्यात की माहेरी, असं लिहिलं. लोक खूश झाले, माझीही कॉलर ताठ झाली. नगरपालिकेला मात्र विनोद कळत नाही. तिनं ठरावच केला: हसू काढून टाका.

काम गेलं ते पुतळा ज्यांनी ओतला त्या ओतारीकाकांकडेच. ते आमच्या गल्लीत, वरच्या खोलीत एकटे राहतात. मी आगाऊपणे अभिनंदन करायला गेलो.

"या, लेखकराव," ते म्हणाले. "माझी बायको आवडली नाही वाटतं तुम्हाला?"

"तुमची बायको?" मी विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

पुतळा करायचा ठरला तेव्हा राणीचं एकही चित्र कुठे मिळेना. म्हणून काकांनी घरच्या बाईलाच स्टुलावर बसवलं, नाकपुड्यांत नळ्या घातल्या आणि तोंडभर प्लास्टर थापलं. सुकेपर्यंत हलायचं नव्हतं.

"हसू नको, हसू नको म्हणून ओरडत होतो मी. म्हणून तर हसली! ओठाचा कोपरा गेला वर. साच्यात ओतलेल्या मेणावर नुसता अंगठा फिरवला असता तरी सरळ झाला असता."

"मग फिरवला का नाही?"

"नाही फिरवला." काका स्वतःशीच हसले. "उद्घाटनाला सगळे मोठे लोक पुतळ्याला हात जोडून उभे, आणि ही माझ्या कानात म्हणते, आता घरातही जोडत जा."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. भिंतीवरच्या फोटोत त्या ओठ आवळून बसल्या होत्या. फोटो काढायचा म्हटलं की त्यांचं तोंड असंच व्हायचं म्हणे. हसणाऱ्या काकू तेवढ्या चौकातच उरल्या होत्या. काका रोज संध्याकाळी पुतळ्यासमोरच्या बाकावर का बसतात, ते मला तेव्हा कळलं.

"काका, काम नाही म्हणून सांगा ना!"

"दुसरा कोणी येईल, सरळ ग्राइंडर लावेल. तिच्या तोंडाला परका हात कशाला?"

सकाळी शिडी मी धरली. वर कानस घासत होती आणि काका सारखे काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, माझाच उद्धार चाललाय. कान दिला.

"झालं हं. हलू नको. झालंच आता."

पायातला काटा काढताना बोलतात तसं.

"आता कशा राणी शोभतात!" खालून पालिकेचे साहेब म्हणाले. काकांनी खाली पाहिलंच नाही. मांडीवरच्या कागदात पडलेला कीस त्यांनी पुडीत बांधला, अर्धी शिडी उतरून, वाकून माझ्या हातात दिला. "धरा जरा, उतरतो."

उतरले, आणि चौक ओलांडून तडक निघून गेले. हल्ली ते मागच्या रस्त्यानं जातात. बाक रिकामाच असतो.

दोनदा त्यांचा जिना चढलो. आतून "कोण?" असं आलं की पाय आपोआप खाली वळतात. पुडी अजून माझ्याच खिशात आहे.