कुलपातला लसूण

कुलूपकाकांना जन्मात एकच उपाय ठाऊक होता, कुलूप लावणं. चाळीस वर्षं त्यांनी बाजाराच्या तोंडाशी बसून लोकांची कुलपं दुरुस्त केली, किल्ल्या घासल्या. दुकान बंद केलं तरी खोड गेली नाही. घरात साखरेच्या डब्यालासुद्धा कडी होती.

परसातला लसूण मात्र त्यांच्या थोरल्या बहिणीचा. ताई त्यांच्याकडेच राहायची. दरवर्षी त्याच लसणातले मोठे गड्डे बाजूला काढायचे आणि पुढच्या साली तेच लावायचे, असं ती तीस वर्षं करत आली होती. विकतचा लसूण तिने कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. तिची नजर पार गेली तेव्हा मुलगा तिला आपल्या गावी घेऊन गेला. निघताना ती म्हणाली, "मांजरींना उपाशी ठेवू नकोस. आणि माझ्या लसणाचं बी संपू देऊ नकोस. एकदा गेलं की गेलं, बाबा."

यंदा लसूण निघाला आणि नेमकी हवा दमट झाली. काकांनी पातीसकट जुड्या बांधून मागच्या खोलीत टांगल्या, शेजारी पुदिना आणि शेपू. मांजरी दोन, थोरली आणि धाकटी. पहिल्याच दुपारी थोरलीने पुदिन्यावर मनसोक्त लोळून घेतलं, आणि धाकटी एका जुडीला लोंबकळत जुडीसकट खाली आली. लसूण म्हणजे मांजरांना विष, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं. काकांनी दार ओढून घेतलं. थोरलीने उडी मारून हँडल दाबलं आणि आत. काकांनी वर कडी बसवली. धाकटी खिडकीतून आली, तर खिडकीही बंद झाली. शेवटी दारावर त्यांच्या हातचं पितळी कुलूप चढलं. "आता या म्हणावं!" काका म्हणाले. मांजरींनीही हात टेकले.

ताईचा फोन रविवारी यायचा. तिसऱ्या रविवारी तिने विचारलं, "वाजतो का रे?" वाळलेल्या गड्ड्याची साल चोळली की कुरकुरते. डोळे अधू झाल्यापासून ती लसूण कानानेच पारखायची.

"थांब, ऐकवतो," म्हणत काकांनी कुलूप काढलं. आतून आंबूस, कोंदट वाफ अंगावर आली. गड्डा दाबला तर मऊ. पातीच्या बुडाशी हिरवट बुरशी. चोळून पाहिला, आवाज कसला येतोय! तेव्हा काकांनी काय करावं? टेबलावरची कागदी पिशवी उचलली आणि फोनजवळ चुरगाळली.

"हा कागद आहे," ताई म्हणाली.

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "अरे, लसूण काय पळून जाणार होता? त्याला वारा लागतो. बघ, काही घट्ट राहिले असतील."

साठांतले अकरा राहिले होते. काकांनी पेचकस घेतला आणि दारच बिजागऱ्यांतून उतरवलं. खिडकी सताड उघडली. दुकानातल्या किल्ल्या टांगायच्या आकड्या त्यांनी थेट छताला ठोकल्या, आसपासची कपाटं आणि स्टुलं हलवली, आणि एकेक गड्डा सुटा टांगला. पुदिना आणि शेपू जुन्या पडद्याच्या पिशवीत गेले. मांजरी दिवसभर खाली बसून वर बघत राहिल्या. उडी पोहोचत नव्हती. ताईला हे सगळं आधीच विचारलं असतं तर, असं काकांच्या मनात रोज येई, आणि वाईट वाटे.

दोन रविवारनंतर त्यांनी फोनपाशी गड्डा चोळला. कुरकुर झाली.

"पुन्हा," ताई म्हणाली. त्यांनी पुन्हा चोळला. "आणि मागे ते काय घुरघुरतंय?"

काकांनी फोन खाली नेला. दोघी मांजरी त्यांच्या पायाशीच होत्या. ताई बराच वेळ ऐकत राहिली. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"अकराच्या अकरा लाव," ती शेवटी म्हणाली. "खायला विकतचा आण."