गणपतीत मोजलेली खोली

“माझ्या घरचं मोदक खाऊन माझंच भाडं वाढवलंत! लाज नाय वाटली?”

हिराबाई माझ्या टेबलासमोर उभ्या राहून ओरडत होत्या. आवाज असा, की तिकडे आंबेनळी घाटात एखादी एसटी ब्रेक लावून थांबली असेल. हातात मीच टाइप केलेली नोटीस. भाडं अडीचपट, पुढच्या महिन्यापासून.

मी तेव्हा महाडमधल्या एका धर्मादाय संस्थेत घरभाड्याचा कारकून होतो. दरडीच्या भीतीनं डोंगरावरची घरं सोडून आलेल्यांना संस्था आपल्या चाळीत सवलतीत खोल्या द्यायची. सवलत अशी, की भाडं खोलीवर नाही, घरच्या उत्पन्नावर ठरायचं. कमाई वाढली की भाडं चढणार, घटली की उतरणार. त्यासाठी वर्षातून एकदा मी घरोघर जाऊन माणसं आणि कमाई लिहून आणायचो. याला ऑफिसात फेरतपासणी म्हणत.

त्या वर्षी मी ती गणपतीत केली. सगळे घरी भेटतील, फेऱ्या वाचतील, ही माझी हुशारी. भेटले की! हिराबाईंच्या दहा बाय बाराच्या खोलीत मुंबईहून आलेले तीन मुलगे, दोन सुना, आणि मखरामागे झोपलेला जावई. तो तर नुसता पाय दिसला म्हणून सापडला. मोदक मी बावीस खाल्ले. एकवीस देवाच्या नावानं, बाविसावा माझ्या. वाढता वाढता हिराबाई पोरांचे पगार सांगत होत्या. पाहुण्यासमोर पोराचा पगार कमी सांगणारी आई आमच्या भागात अजून जन्माला यायची आहे. वॉचमन असलेल्या धाकट्याला तर त्यांनी जवळजवळ मॅनेजर करून टाकला. मी सगळं फॉर्मवर उतरवलं.

“पोरं त्याच आठवड्याला परत गेली,” हिराबाईंचा आवाज आता उतरला होता. “हितं मी एकटी. खानावळीत भाकऱ्या थापते. यवढं भाडं नाय जमायचं. म्हंजे परत वर डोंगरातल्या घरी जायाचं. मागच्या भितीला भेग हाय, आख्खा हात जातो आत.”

महिन्यापूर्वीचे बावीस मोदक मला एकदम पोटात जाणवले.

मी करारपत्र काढलं. चार वर्षं त्याच्यावर लोकांच्या सह्या घेत होतो, पण सातवं कलम त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. उत्पन्न फक्त खोलीत कायम राहणाऱ्यांचं धरायचं. तेही तोंडी नाही, दाखला बघून. वाढ मान्य नसेल तर भाडेकरूनं पंधरा दिवसांत अर्ज देऊन सुनावणी मागायची, आणि निकाल लागेपर्यंत जुनंच भाडं. सुनावणी म्हणजे कोर्ट नव्हे. संस्थेच्या साहेबांसमोर बसून आपलं म्हणणं मांडायचं.

“बाई, अर्ज करा.”

“तुमच्याच इरोधात?”

“माझ्याच. मी सांगतो काय लिहायचं.”

मुलांनी मुंबईतल्या खोल्यांचे भाडेकरार पाठवले. हिराबाईंनी तहसील कचेरीतून स्वतःचा उत्पन्नाचा दाखला काढला. तीन हेलपाटे घातले, पण आणलाच.

सुनावणीला साहेबांनी रेशन कार्ड उचललं. “मुलांची नावं इथल्या कार्डावर आहेत. म्हणजे घरातलेच झाले.”

“नाव काढलं तर पोरगा तुटल्यावानी वाटतं, साहेब,” हिराबाई म्हणाल्या.

साहेब मूळचे कुडपणचे. वीस वर्षं महाडात बंगला बांधून राहिलेले. मी विचारलं, “साहेब, आपलं नाव गावच्या कार्डावरून काढलंत?”

“नाही. आई काढू देत नाही.”

“मग आपला पगार आईच्या उत्पन्नात धरायचा का?”

साहेबांनी असं पाहिलं, की मी मनातल्या मनात पेन्शनचे कागद गोळा केले.

“ही तपासणी कुणी केली होती?”

“मी. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी.”

“लेखी द्याल?”

“दिलंय. फाइलमध्ये लावलंय.”

साहेबांनी फाइल पाहिली, कागद पाहिले, आणि नोटीस रद्द केली. भाडं जुनंच राहिलं. मला मेमो मिळाला, म्हणजे लेखी कानउघाडणी. धडा एवढाच, की सणाला मोजलेली माणसं वर्षभर घरात राहतात असं धरू नये. आणि ज्या कागदावर आपण दुसऱ्यांच्या सह्या घेतो, तो आधी स्वतः वाचावा.

बाहेर आल्यावर मी ऐटीत म्हणालो, “हिराबाई, सुनावणी मागायचा हक्क सगळ्यांना आहे. चाळीत सांगा.”

“सांगितलं,” त्या म्हणाल्या. “अकरा जन अर्ज घेऊन खाली उभं हायेत.”