आईची कवळी

आमच्या दादाच्या हातात कला होती, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. तो कवळ्या बनवायचा. दातांचे तीन डॉक्टर त्याच्याकडेच काम पाठवायचे. दोन दिवसांच्या कामाला तो दहा दिवस लावायचा, तरी पाठवायचे.

सकाळी दहाला दुकान उघडायचं आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याशी गप्पा छाटत बसायचं, हा त्याचा नेम. मग जेवण, मग डुलकी. डॉक्टरांचा फोन खणखणला की धावपळ सुरू. घाईतही काम सुबक व्हायचं, म्हणून खोड कधी मोडलीच नाही.

आईचे उरलेसुरले दात काढले. जखमा भरल्यावर दादानं स्वतः तिच्या हिरड्यांचं माप घेतलं, प्लॅस्टरचा साचा केला आणि फळीवर ठेवून दिला. आठ दिवसांत कवळी देतो म्हणाला. मी आठवण करून दिली की म्हणायचा, घरचंच काम आहे, कुठं पळून जातंय? वर आईच त्याची बाजू घ्यायची. आधी गिऱ्हाइकं, मी काय घरातच असते, असं उलट मलाच समजावायची.

पावणेदोन वर्षं मी तिचं जेवण मिक्सरमधून काढलं. सगळ्याची एकच चव, एकच रंग. आधी ती वाटीभर घ्यायची, मग अर्धी, मग चार चमचे. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची. मला दादाचा संताप यायचा, आणि खरं सांगते, तिचाही.

तिला चक्कर आली तेव्हा डॉक्टरांनी दादाला चांगलंच फैलावर घेतलं. मग काय, स्वारी कामाला लागली. दोन दिवसांत कवळी हजर, आणि देखणी. पण आईच्या तोंडात ती खुळखुळायला लागली. दात गेले की हिरड्या झिजत जातात, जुनं माप चालत नाही, हे तो गिऱ्हाइकांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचा. स्वतःच्या आईच्या वेळी त्याला ते सुचलंसुद्धा नाही.

त्याचा चेहरा उतरला. आत्ताच नवीन माप घेतो, परवा नक्की देतो, असं म्हणत तो सामान आणायला उठला. आईनं कवळी काढली, नको असलेल्या पदार्थाची ताटली सरकवावी तशी त्याच्याकडे सरकवली.

"राहू दे रे," ती म्हणाली. "आता भूकच लागत नाही."