तीन झाडांचा झुला

यंदा दिवाळीनंतर मी माझ्या धाकट्या बहिणीकडे, तुमच्या मावशीआजीकडे, मोर्शीला चार दिवस राहिले. तुम्हा दोघा नातवंडांना फोनवर सांगितलं तेव्हा एक गोष्ट गाळली. ती आता लिहिते.

तिची तिन्ही नातवंडं आली होती आणि तिच्या जावयानं एक अजब झुला आणला होता. तो तीन झाडांना बांधायचा. मध्ये ताणलेलं त्रिकोणी कापड, वर मच्छरदाणी, पावसासाठी छत. जमिनीपासून कमरेएवढा उंच तंबूच म्हणा. तिच्या बागेतली संत्र्याची झाडं ते वजन पेलणार नाहीत, म्हणून धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, तीन कडुलिंबांना पट्टे आवळले होते. मुलं दिवसभर त्यातच. जेवायलाही उतरत नव्हती.

मला तो आवडला आणि म्हणूनच मी त्याला नावं ठेवली. गुडघे दुखणाऱ्यानं चढायचं कसं? अशी तीन झाडं कोणाच्या अंगणात असतात? कापड धुवायचं कुठे? मावशीआजी हसत होती. तिच्या घरात आवाज होता, ओले टॉवेल होते, चपलांचा ढीग होता. मला ते सगळं बघवत नव्हतं.

सोबतची इंग्रजी पुस्तिका मी एकटीनंच वाचली. तीन कोपऱ्यांवर सारखं वजन हवं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण खाटेवर मोठ्यांना उशाकडं बसवतात, तसा मावशीआजीनं मला मान दिला. "ताई, तू मोठी, तू उशाकडं बस," म्हणाली. मुलांना तिनं समोरच्या कडेला, पायथ्याशी सरकवलं. झोपताना डोकं या कोपऱ्याकडे असतं म्हणून तिनं त्यालाच उसं ठरवलं होतं. मी वाचलेलं बोलले नाही. मान मिळत होता, तो घेतला आणि स्टुलावर चढून थेट टोकाला जाऊन बसले.

झुला माझ्या बाजूला कलला आणि तिन्ही मुलं घरंगळत माझ्या अंगावर आली. कोणाचं कोपर माझ्या पोटात, कोणाचे केस तोंडात. ती खिदळत होती. मला लागलं नव्हतं, तरी मी उठले नाही. धाकटीनं पडू नये म्हणून माझ्या गळ्यात हात टाकला होता. मी तो तसाच राहू दिला.

मावशीआजीनं वाकून पाहिलं. "लागलं त नाई ना? निघ आता, का इथंच राहतं?"

"तुले काय, तुह्यं घर भरलेलं हाये," मी म्हणाले. शाळेत शिकवताना सोडलेली अकोल्याची बोली तोंडातून आपोआप आली. मावशीआजी हळूच म्हणाली, "काहून, तुह्यासाठी मागवू का असाच एक?"

मी नको म्हणाले.

मावशीआजीनं तुमच्या आईला सांगितलं असावं; आता तिचा निरोप आला आहे की माझ्या वाढदिवसाला तसाच झुला पार्सलनं पाठवते, पत्ता कळव. पत्ता तिला पाठ आहे, तरी विचारते; मीही मुद्दाम कळवलेला नाही. अमरावतीच्या आपल्या घरामागे दोन आंबे आणि एक चिंच आहे. अंतर मी टेपनं मोजलं, बसतं. पण पार्सल नको. तुम्ही दोघं तो बॅगेत घालून घेऊन या. दोन कोपरे तुमचे. तिसऱ्यावर मी, आणि या वेळी पुस्तिकेत लिहिलंय तशीच बसेन.