ताईने दाखवलेला धोका

भाईंदर पूर्वेला, कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये स्टीलच्या भांड्यांचं एक गोडाऊन आहे. तिथे पॅकिंगच्या टेबलावर आम्ही दोघी कितीतरी वर्षं जोडीने उभ्या होतो. मी खोका धरायचा, तिने टेप ओढायची, मी कटर मारायचा. कटर मी तिच्या हातात कधीच दिला नाही. का, ते आम्हा पॅकिंगच्या बायकांना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. ताईला फिट यायची.

ती माझ्याहून मोठी, म्हणून ताई. नांदेडकडची. नवघरला एका खोलीत नवरा-बायको राहायची. नवरा वॉचमन, सकाळी निघाला की रात्रीच घरी. मुलगी लग्न होऊन गावाकडे. मी रत्नागिरीची, तोंडाने फटकळ. टेम्पोवाल्यांशी माझं रोज वाजायचं आणि ही मला मागून चिमटा काढायची, "बाय, हळू बोल की गं. सगळ्यांला वाटंल भांडायलीस." 'बाय' म्हणायला ती माझ्याकडूनच शिकली होती, आणि वापरायची मलाच गप्प करायला.

गोळ्या चालू होत्या, तरी अधूनमधून यायचीच फिट. आधी ती बोलता बोलता थांबायची आणि पदराचं टोक नुसतं चोळत बसायची. मला कळायचं. मी कटर लांब ठेवायचे, तिला मोडलेल्या पुठ्ठ्यांवर कुशीवर निजवायचे, बाकीच्या बायका आडोसा करून उभ्या राहायच्या. जरा वेळाने उठायची, पाणी प्यायची आणि ओशाळून विचारायची, "लई वेळ झाला का गं?" मी म्हणायचे, "छे! घोरत होतीस नुसती." मग हसायची.

मग कंपनीने नवे सर आणले. काम वेगात व्हावं आणि कुणाला इजा होऊ नये, ही दोन्ही कामं त्यांच्याकडे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर माझ्या रागावरून तुम्हाला वाटेल होता. त्यांनी जमिनीवर पिवळे पट्टे मारून चालायची वाट आणि गाडीची वाट वेगळी केली. जड कुकर वरच्या फळीवरून खाली आणले. आम्हाला चांगले बूट दिले. माझी कंबर दुखायची थांबली, खोटं कशाला बोलू? टेप लावायची मशीनं आली आणि माल भराभर निघायला लागला. फक्त एक झालं, जोड्या मोडल्या. एक बाई, एक टेबल, एक मशीन. आमचं टेबल तेवढं शेवटी राहिलं होतं, मी कटकट करत होते म्हणून.

सरांनी रोज सकाळी एक मीटिंग सुरू केली होती. कामाला लागण्याआधी सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि कुणाला कुठे धोका दिसला तर सांगायचा. लोंबणारी वायर, सांडलेलं तेल, रॅकचा धारदार कोपरा. जो सांगेल त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आधी आम्ही लाजलो, मग चढाओढच लागली. मी तर घरून येतानाच विचार करून यायचे, आज काय शोधू! ताई मात्र कधी बोलली नाही. मी तिला माझा एखादा धोका द्यायला बघायचे, तर म्हणायची, "तुला दिसला ना? मग तूच सांग."

एके दिवशी सर म्हणाले, "सबसे बड़ा खतरा वो है जो हम छुपाते हैं. डरो मत, बोलो." आणि माझ्या शेजारून ताईचा हात वर गेला.

"सर, माझ्यातच हाय धोका. मला फिट येती. एकटीनं मशीनवर उभं राहायचं भ्याव वाटतंय. आमची जोडी तेवढी राहू द्या."

मला वाटलं, आता हिची नोकरी गेली. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यात जास्त सरांनी. ताई लाजून लाल झाली. मलाही वाटलं, चला, आता जोडी राहील.

दुपारी तिला केबिनमध्ये बोलावलं. मी न विचारताच आत घुसले. सर हळू आवाजात सांगत होते की आता कळल्यावर मशीनजवळ ठेवता येणार नाही, गोडाऊनमध्येच ठेवता येणार नाही. मी म्हटलं, "माझ्याजवळ ठेवा ना सर! इतकी वर्षं मीच बघतेय तिला." ते म्हणाले, "और जिस दिन आप छुट्टी पे रहीं?" त्याचं उत्तर मी अजून शोधतेय. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. "उनकी सेफ्टी के लिए ही," एवढंच म्हणाले.

ताई अ‍ॅप्रनची घडी घालत म्हणाली, "तुमचं बरोबर हाय, सर." मी बाहेर येऊन तिच्यावरच खेकसले, "बरोबर कसलं डोंबलाचं!"

त्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जायचे. खोली लख्ख घासलेली असायची, भांडी पुन्हा पुन्हा पुसलेली. जवळच इंद्रलोकच्या सोसायट्यांत दोन-तीन घरी मी तिच्यासाठी कामाचं विचारलं. ती गेली आणि दारातच फिटचं सांगून मोकळी झाली. मी कपाळावर हात मारला. तर म्हणते, "एकदा खरं बोलले ना बाय, आता लपवायला येईना." दिवसभर एकटी असायची. माझा जीव तिच्यात अडकलेला, पण करणार काय? मशीन माझी वाट बघत नव्हतं.

एका दुपारी मोरीत कपडे धुताना तिला फिट आली. पुढ्यात पाण्याने भरलेला टब होता. ती त्यात तोंडावर पडली. नवरा रात्री ड्युटीवरून आला तेव्हा सगळं संपलं होतं.

सकाळी मी रजा मागायला सरांकडे गेले. कशासाठी ते सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, ते खुर्चीतून उठले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "घर पे हुआ ना?"

"हो सर, घरीच," मी म्हटलं. "तिथे तिला धरायला कोण होतं?"