घोंगडीत गुंडाळलेले पुस्तक

बारामतीच्या बाजारातून परवा जाताना कोऱ्या घोंगडीचा वास आला आणि पाय आपोआप थबकले. लोकरीचा तो उग्र, उबदार गंध आणि त्यात चिंचोक्यांच्या खळीची आंबूस झाक! तुम्ही कदाचित नाक मुरडाल. मला मात्र त्या गंधासरशी एक पुस्तक आठवते.

नव्वदच्या दशकात सणसरकडच्या एका शाळेत मी शिक्षिका होते. तिथले ग्रंथालय म्हणजे एक हिरवे लोखंडी कपाट, आणि त्यात मुलींच्या वयात येण्याविषयीचे एक पातळसे पुस्तक होते. आठवीतल्या सुमनला मी ते वाचायला दिले. दुसऱ्याच दिवशी तिचे वडील, भिवातात्या, घोंगडीच्या तुकड्यात ते गुंडाळून घेऊन आले. वाटेत कुणाच्या दृष्टीस पडायला नको! हे कपाटातून काढा, नाहीतर सुमनचे नाव शाळेतून काढा, एवढेच त्यांनी खाली मान घालून सांगितले. मुख्याध्यापक पुस्तक काढून मोकळे व्हायला तयारच होते. मी मनातून चिडले होते. पण बापाच्या काळजाची भीतीच कित्येकदा रागाचे सोंग घेऊन येते ना?

त्यांच्याबरोबर आलेली सुमनची आई दाराशी पदर सावरत उभी होती. तिला अक्षरओळख नव्हती; आत लिहिलेय तरी काय ते वाचून दाखवा, म्हणाली. मी वाचत गेले. तात्या खिडकीबाहेरच्या उसाकडे पाहत राहिले. पूर्वी मेंढ्यांचे मोठे खांड घेऊन रानोमाळ हिंडणारे हे घर आता शेतीत स्थिरावले होते, तरी अंगणात चार मेंढ्या अजून होत्याच. वाचन संपल्यावर ती माऊली नवऱ्याला शांतपणे म्हणाली, "कुठली मेंढी गाभण हाय, कुठली अडलीया, समदं पोरीम्होरं बोलता तुमी. मंग तिच्याच अंगाचं लिवलंय, तर ते घोंगडीत गुंडाळून आणता व्हय?"

तात्यांनी घोंगडीच्या तुकड्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. लज्जा एका वाक्याने थोडीच विरघळते? मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पर पोरींनी झाकून न्यावं." सुमन शाळेत राहिली, पुस्तक कपाटात राहिले, आणि तो तुकडाही त्याच्यासोबत राहिला. कितीतरी मुलींनी ते त्यात गुंडाळून नेले, आणले. हळूहळू पानापानांत लोकरीचा वास भिनला.

काही वर्षांनी, ऐन थंडीत, सुमनच्या धाकट्या बहिणीने ते पुस्तक गावातल्या रस्त्याने तसेच उघडे, छातीशी धरून परत आणले. घोंगडीचा तुकडा कुठे गेला, असे मी विचारले.

"तात्यांनी काढून घेतला, बाई. कोकरू गारठलं व्हतं."

परवा बाजारातल्या त्या दुकानासमोर मी घोंगडीवरून नुसता हात फिरवला. त्या थंडीत मी ते उघडे आलेले पुस्तक कपाटात ठेवताना नाकाशी नेले होते, आणि वास अजून तसाच होता.