पक्ष, साध्य आणि शांतवन

मोताळ्याच्या एका शाळेत पुष्पांजलीबाई भूमिती शिकवत. आधी पक्ष, म्हणजे जे दिलेलं आहे ते; मग साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं ते. हे फळ्यावर लिहिल्याशिवाय त्या प्रमेयाला हात लावत नसत. रविवारी चर्चमध्ये उपासनेला पेटी वाजवत. ही दोन कामं कधी एकमेकांच्या आड आली नव्हती.

मग त्यांचे यजमान शांतवन बसस्टँडवर कोसळले. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं, वाचा गेली. शाळेच्या वेळात शेजारची अमीना त्यांच्याजवळ बसे. बाकी उचलणं, पुसणं, भरवणं बाईंवरच. चर्चच्या मंडळीतले लोक आधी प्रार्थनेला घरी येत. वर्ष उलटलं तशी कुजबुज सुरू झाली. त्यांच्यातल्या कलाबाई तर तोंडावर म्हणाल्या, "बाई, तुमचा विश्वास कमी पडून राह्यला. गणितवाल्यायले पुरावा लागते ना." बाईंच्या अंगात भांडायलाही त्राण नव्हतं.

पावसाळा सरता सरता शांतवनच्या उजव्या हाताची बोटं हलू लागली. चर्चच्या पाळकसाहेबांनी बाईंना उपासनेत चमत्काराची साक्ष द्यायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, व्यायामानं पुष्कळांची बोटं हलतात, त्यापुढे फार आशा धरू नका. रविवारी बाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. पहिल्या बाकाशेजारी शांतवन खुर्चीत, मान कललेली.

"बोटं काऊन हालली, मले माहीत नाही," त्या म्हणाल्या. "चमत्कार हाय, याची सिद्धता माझ्यापाशी नाही. उद्या ती थांबली, तरी देव नाही असं सिद्ध होत नाही. पक्षात जे असते ते कोणी सिद्ध करत नाही, तिथून सुरुवात करा लागते. प्रभूले मी पक्षात लिहिलं. साध्य काय हाय, ते मले अजून दिसलं नाही. मी थकली."

कोणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी घाईघाईनं पुढचं गीत सांगितलं. बाई पेटीवर बसल्या आणि सुरुवातीलाच सूर चुकल्या.

बोटं पुढे तेवढीच हलत राहिली. कलाबाईंनी बरेच महिने अबोला धरला. मग एका दुपारी त्या आल्या, विश्वासाचं काही न बोलता पदर खोचून शांतवनची चादर बदलू लागल्या. बाई भिंतीला टेकल्या, आणि बसल्या जागी त्यांचा डोळा लागला.